श्वेत बटू आणि मामांचा कारखाना

माझा प्रबंध संपत नव्हता, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी दीड महिना तेरखेड्याला मामांकडे राहिले. बेंबळीला आमच्या घरी वहिनीला नुकतीच जुळी मुलं झाली होती. ती आळीपाळीनं रडायची, त्यामुळे घरातलं रडणं कधी थांबायचंच नाही. पुण्याच्या वसतिगृहात रंगकाम काढलेलं. मामांची मुलगी लग्न होऊन लातूरला गेली होती आणि तिची गच्चीलगतची खोली रिकामी होती. आईनं फोन केला, मामा म्हणाले, "पाठव की. हितं कुणी आवाज करत न्हाय." हे त्यांनी सुतळी बाँबच्या गावातून सांगितलं, पण ते खरंच होतं. मामांचा फटाक्यांचा कारखाना गावापासून दोन मैलांवर माळावर होता, आणि फटाके बनवणारी माणसं फारच शांतपणे वावरतात. आपटून दार लावणारा माणूस मी त्या घरात पाहिला नाही.

पहिल्याच दिवशी जेवताना मामांनी विचारलं, की मी नेमकं करते काय. चार वर्षं झाली होती आणि ते त्यांनी आजवर विचारलं नव्हतं, कारण आईनं सगळ्यांना "ती आभाळाचं शिकतीय" एवढंच सांगून ठेवलं होतं.

मी सांगितलं. सूर्यासारखा तारा म्हातारा होऊन विझला, की त्याचा गाभा उरतो. आकारानं पृथ्वीएवढा, वजनानं सूर्याएवढा. पांढरा, लहान, गच्च. त्याला श्वेत बटू म्हणतात. असे काही बटू एकटे नसतात, त्यांची जोडी असते. जोडीतला दुसरा तारा कधीकधी फुगून मोठा, लालभडक झालेला असतो आणि हा बटू त्याच्या अंगावरचा वायू ओढून स्वतःवर चढवत राहतो. थरावर थर. अशा जोड्यांचा मी अभ्यास करते.

मामींनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मामांकडे एकदा नीट पाहिलं. मामा गोरे, बुटके आणि अंगानं गच्च आहेत. मामी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच.

"आन् दिसायला ती लाल मोठी, पर वजनानं ह्यो भारी?" मामींनी विचारलं.

"हो."

"आसतंय आसं," मामी म्हणाल्या आणि आमटी आणायला गेल्या.

मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी घास हातातच धरला होता. "थर चढवून चढवून मंग काय व्हतंय?"

"मग एक दिवस तो सगळा थर एकदम पेटतो. स्फोट होतो. इतका उजेड, की इथून साध्या डोळ्यांनी दिसतो."

मामांनी घास खाली ठेवला. त्यांच्या तीस वर्षांच्या धंद्यात भाचीनं काढलेला हा पहिलाच कामाचा विषय होता.

"वात कोण लावतं?"

"वात नसते, मामा. दाब आणि उष्णता वाढत गेली की आपोआप पेटतं."

मामांना हे अजिबात आवडलं नाही. "दाबून भरलेला माल आन् तोबी बिनवातीचा," ते म्हणाले. "आपण तर आसलं काय कारखान्यात ठेवूच देत न्हाय."

मग मी जे सांगायला नको होतं ते सांगितलं. मी म्हणाले, उत्तर मुकुट नावाच्या तारकासमूहात अशी एक जोडी आहे. तिच्यातला बटू साधारण ऐंशी वर्षांनी एकदा पेटतो, आणि आता ऐंशी वर्षं होत आलीत. कुठल्याही दिवशी पेटेल. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्याच्यावरच आहे. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्यात, प्रबंध देण्याआधी स्फोट झाला तर तुझं नशीब, तेव्हा डोळा ठेव.

"कुठल्याबी दिवशी," मामा पुटपुटले. जेवण झाल्यावर त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि जागा दाखवायला लावली.

जागा सोपी होती. पूर्वेकडे वर एक ठळक नारिंगी तारा दिसतो, तो स्वाती. त्याच्या खाली जरा डावीकडे सात फिकट ताऱ्यांची अर्धी वाटोळी ओळ. तिच्या कडेला, आता काहीच दिसत नाही तिथे, तो दिसणार. दिसला तर ध्रुवाएवढा ठळक, आणि आठवडाभरात पुन्हा दिसेनासा होईल. मामींना ती ओळ फुटक्या बांगडीसारखी वाटली. मामा म्हणाले, घोड्याचा नाल. शेवटी गावात नालच चालला, कारण गावभर सांगण्याचं काम मामांनी केलं.

ते त्यांनी इतक्या मनापासून केलं, की तीन दिवसांत मला गिरणीत दळण ठेवणंही अवघड झालं. "ताई, फुटला का?" गिरणीवाल्यानं विचारलं. दूध घालायला गेले की डेअरीतला पोऱ्या नाही, तर डेअरीचा चेअरमन स्वतः बाहेर येऊन विचारायचा, "फुटला का?" मी नाही म्हटलं, की लोक समजूत घालायचे. "फुटंल, फुटंल. उशीर हुतोय कधीकधी." फटाक्यांच्या गावात न फुटलेल्या मालाबद्दल सगळ्यांना फार सहानुभूती असते.

मामांनी चौकातला उंच खांबावरचा दिवा रोज साडेसात ते आठ बंद ठेवायला ग्रामपंचायतीला राजी केलं. त्या अर्ध्या तासात चौकात दोनदा मोटारसायकली एकमेकींवर चढल्या, पण तक्रार कुणी केली नाही. दुसऱ्या वेळचे दोघंही वर बघत होते.

मामांच्या कारखान्यात एक जुने मिस्त्री होते. साठीचे, किडकिडीत, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. रंगीत दारूचं मिश्रण करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. मामा मला एकदा कारखान्यावर घेऊन गेले, म्हणजे खरं तर मिस्त्रींसमोर उभं केलं, आणि म्हणाले, "सांग यांना." मी सगळं पुन्हा सांगितलं. मिस्त्रींनी हात मागे बांधून ऐकलं.

"आधी लाल, मंग पांढरा," ते म्हणाले.

"लाल असतोच. शेजारी पांढरा पेटतो."

"पांढरा किती येळ?"

"काही दिवस."

मिस्त्रींनी मान हलवली, म्हणजे ते काही जमणार नाही अशी. मग म्हणाले, "ताई, बिनवातीच्या मालाचा भरोसा धरू नका." आणि ते आपल्या शेडकडे निघून गेले.

मला वाटलं विषय संपला. तो संपला नव्हता, हे मला पुढे कळलं. मामांनी त्यांना त्याच दिवशी हळूच सांगितलं होतं, की दिवाळीला असा एक माल काढता आला तर बघा.

पंधरा दिवस गेले. मी रोज संध्याकाळी गच्चीवरून अर्धी वाटोळी ओळ बघायची, काही नाही म्हणून वहीत लिहायची आणि खाली येऊन प्रकरण तीनमधलं एक वाक्य खोडायची. लिहायची थोडं, खोडायची जास्त. प्रकरण मागच्या महिन्यापेक्षा दोन पानांनी कमी झालं होतं. मॅडमचा दर सोमवारी निरोप यायचा, "प्रगती?" मी लिहायची, "चालू आहे."

मग शिष्यवृत्तीच्या एका दाखल्यासाठी मला धाराशिवला जावं लागलं. साहेब दुपारी भेटले नाहीत, उद्या सकाळी या म्हणाले, म्हणून मी एका मैत्रिणीकडे मुक्काम केला. निघताना मामांना बजावलं होतं, की आज तुम्ही बघा आणि वहीत लिहा. मामांनी ही जबाबदारी इतकी मनावर घेतली, की सात वाजल्यापासूनच ते गच्चीवर खुर्ची टाकून बसले.

पावणेआठला त्यांचा फोन आला.

"फुटला," मामा म्हणाले. आवाज अगदी शांत. धंद्यातला माणूस.

मी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. "काय म्हणता?"

"फुटला म्हणतो. पांढराफेक. नालाच्या बाजूलाच."

"मामा, नीट बघा. विमान असेल. हलतोय का?"

"न्हाय हलत. एका जागी हाय."

"किती ठळक?"

"स्वाती काहीच न्हाय त्याच्यापुढं. आन् आधी लाल दिसला बघ. तू सांगितल्यावानी. लाल, आन् मंग पांढरा."

मी मैत्रिणीच्या गच्चीवर पळाले. धाराशिवला नेमके त्या दिवशी ढग होते. एकही तारा दिसेना. फोनमध्ये मामांच्या मागून गावाचा आवाज ऐकू यायला लागला होता. शेजारच्या गच्च्यांवरून लोक ओरडून एकमेकांना दाखवत होते. कुणीतरी शिट्टी मारली. मी म्हटलं, "फोटो काढा आणि पाठवा." मामांनी पाठवला. काळ्याभोर चौकोनात एक पांढरा ठिपका.

इथे मी जे केलं त्याचं समर्थन मला आजही करता येत नाही. चार वर्षं जी शिस्त शिकले, की आधी खात्री, मग बोलणं, ती सगळी त्या कांद्याच्या हातानं मी बाजूला सारली. मॅडमना निरोप लिहिला, "स्फोट झाला आहे. विश्वसनीय निरीक्षक. सोबत छायाचित्र." आणि मामांचा ठिपका जोडून दिला.

मॅडमचा तीस सेकंदांत फोन. पुण्यातही ढग. त्यांनी तशाच घाईनं हिमालयातल्या एका दुर्बिणीवर काम करणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीला कळवलं. ती बिचारी दुसऱ्या कुणाच्यातरी दीर्घिकेचं निरीक्षण करत होती. तिनं ते थांबवलं आणि दुर्बीण वळवायला घेतली.

तेवढ्यात मामांचा पुन्हा फोन.

"ऐक," मामा म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा बदलला होता. "त्यो खाली यायलाय."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. सावकाश. डुलत डुलत."

मी कठड्याला धरलं.

"मामा, तारा डुलत नाही."

"त्ये मलाबी कळतंय," मामा म्हणाले. मग काही क्षण नुसता वाऱ्याचा आवाज. मग दुरून कुत्री. मग एक म्हैस ओरडली, आणि मामा फोन न ठेवताच जिन्यानं खाली धावले. मला त्यांच्या चपला ऐकू येत होत्या.

झालं होतं ते असं. मिस्त्रींनी पंधरा दिवस गुपचूप खपून एक नवा शॉट बनवला होता. वर जाऊन आधी लाल उजेड, मग त्यातून एक लहान पांढरा गोळा सुटणार, आणि तो पांढरा गोळा कापडी पॅराशूटला दोरीनं टांगलेला, म्हणजे बराच वेळ लटकून राहणार. काही दिवस नाही तरी पाच-सात मिनिटं तरी लटकावा, एवढी त्यांची इच्छा होती. मामांना अचानक दाखवायचं म्हणून सांगितलं नाही. मामा गच्चीवर पूर्वेला तोंड करून बसलेत हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तो गावाच्या पूर्वेच्या मोकळ्या रानातून, अगदी नालाच्या दिशेनं उडवला. आपण मालकांना नमुना दाखवतोय असं त्यांना वाटत होतं. पांढरा विझल्यावर पॅराशूट गावाकडे वाहत आलं आणि एका गोठ्यापुढे बांधलेल्या म्हशीच्या शिंगांत अडकलं. म्हशीनं दावं तोडलं आणि ती चौकातून पॅराशूटसकट पळत गेली. चौकातला दिवा, अर्थातच, बंद होता.

मॅडमचा फोन मी उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "मैत्रिणीनं बघितलं. तारा कालच्याइतकाच आहे."

"हो मॅडम."

"आणि फोटो मोठा करून बघ."

मी मोठा केला. ठिपक्याच्या वर, फिकट पण स्पष्ट, एक रेघ होती.

"तुझ्या ताऱ्याला दोरी आहे," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दाखला न घेताच मी तेरखेड्याला परतले. मामा ओट्यावर बसले होते, समोर ते पॅराशूट वाळत घातलेलं, कारण म्हैस त्याच्यासकट हौदात उतरली होती. मिस्त्री खांबाला टेकून उभे.

"म्या तीस वर्षं हाच धंदा केला," मामा मला म्हणाले, "आन् आपलाच माल वळखला न्हाय." त्यांना राग आला होता की अभिमान वाटत होता, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. दर थोड्या वेळानं ते मिस्त्रींकडे वळून विचारायचे, "पांढरा एवढा पांढरा कसा काय आणलाव?" आणि मिस्त्री जमिनीकडे बघून म्हणायचे, "आला."

मी मॅडमना माफीचा लांबलचक निरोप लिहिला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. माफी नको, अहवाल हवा. चुकीची बातमी कशी तयार झाली ते रीतसर लिही. कुणी पाहिलं, कुठून, कोणत्या दिशेला, रंग, किती वेळ, कारण. आमच्या गटात अशा फसलेल्या बातम्यांची एक वही आहे, तिच्यात लावायचा आहे.

त्यामुळे पुढचे दोन दिवस मी गावात वही घेऊन फिरले. मामांची साक्ष झाली. मिस्त्रींची झाली, सहा वाक्यांची. त्यांनी तेवढ्यात मला उंची, वजन आणि दोरीची लांबी अचूक सांगितली. गिरणीवाला म्हणाला, त्यानं तारा फुटण्याचा आवाजही ऐकला, आणि तो खरं बोलत होता. म्हशीच्या मालकाकडे गेले तेव्हा त्यांनी मला आधी चहा पाजला.

"आमची म्हस लई गरीब हाय," ते म्हणाले. "आजवर कुणाच्या अंगावर गेलेली न्हाय. त्ये बी लिव्हा."

लिहिलं.

"आन् दोन टाईम दूध न्हाय दिलं तिनं. त्ये बी."

तेही लिहिलं. मामींनाही विचारलं. मामी त्या वेळी खाली पिठलं घोटत होत्या आणि त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माज्या नावापुढं लिही, ह्या बाईनं वर बघितलं न्हाय, कारण पिठलं लागलं आसतं." मिस्त्रींची सोडली, तर अहवालात ही एकमेव साक्ष होती जिच्यात काही चूक निघाली नाही.

अहवाल चार पानांचा झाला. मी तो एका बैठकीत, काही न खोडता लिहिला, कारण मला माहीत असलेलं मी नुसतं क्रमानं सांगत होते. सोमवारी मॅडमनी तो गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. मी ऑनलाइन होते, आणि तेरखेड्याचं नेट चांगलं असल्याचा पश्चात्ताप मला त्या दिवशी प्रथमच झाला. म्हशीपाशी पोचल्यावर त्यांना वाचता येईना. पाणी प्याल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. शेवटचं पान दुसऱ्या कुणीतरी वाचलं.

बैठक झाल्यावर त्यांनी मला एकटीला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता खरं बोलणं सुरू होणार.

"चार वर्षांत तू दिलेलं हे पहिलं लिखाण, जे मला एकदा वाचून कळलं," त्या म्हणाल्या. "प्रकरण तीन फाड. असंच लिही. कोण, कुठे, काय झालं, का झालं. म्हैस नसली तरी चालेल."

मी फाडलं नाही, पण बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर नव्यानं सुरुवात केली. एक लाल तारा आहे. त्याच्या शेजारी एक लहान पांढरा आहे. पांढरा लालाकडून वायू ओढतो. किती ओढतो हे आपल्याला असं कळतं. अशी साधी वाक्यं लिहायला सुरुवातीला लाजच वाटायची. वाटायचं, एवढं सोपं असेल तर मी चार वर्षं काय केलं. पण दुपारी मामींबरोबर कुरडया वाळत घालताना पुढचं वाक्य आपोआप सुचायचं. मामी म्हणायच्या, "जा, लिहून ये. मी हाकते कावळे." सतरा दिवसांत प्रकरण झालं. पुढच्या हिवाळ्यात प्रबंध गेला, नंतर तोंडी परीक्षाही झाली. बाहेरच्या परीक्षकांनी प्रकरण तीनवर एकच शंका काढली, तीही एका आकृतीच्या रंगांबद्दल.

मिस्त्रींचा शॉट त्या दिवाळीला बाजारात आला. मामांनी वेष्टनावरचं नाव माझ्याकडून मंजूर करून घेतलं होतं, 'श्वेत बटू'. पण छापखान्यात कुणाला तरी तो शब्द चुकीचा वाटला आणि दुरुस्त होऊन आला, 'श्वेत बटाटा'. परत छापायला वेळ नव्हता. गिऱ्हाइकं दुकानात येऊन "ते बटाट्याचं द्या" म्हणायची. माल सगळा गेला. मामांनी पुढच्या वर्षी नाव बदलू दिलं नाही.

तो तारा मी हे लिहीपर्यंत तरी पेटलेला नाही. काल मामांचा फोन आला होता, वेगळ्याच कामासाठी. मामींना मोतीबिंदू झालाय, पुण्यात डोळ्यांचा कोणता डॉक्टर बरा, हे त्यांना विचारायचं होतं.